दिवस मावळायच्या आत

निपाणीच्या आसपास डेअऱ्यांत आणि पतसंस्थांत पहिले संगणक आले, त्या काळात गोमटेश खोत या माणसाचा मान डॉक्टरापेक्षा तसूभरही कमी नव्हता. डॉक्टर आला तर लोक पाण्याचा तांब्या पुढं करायचे. गोमटेशआण्णा आले की संस्थेचा चेअरमन स्वतः उठून खुर्ची द्यायचा, नारळ आधीच आणून ठेवलेला असायचा आणि संगणकाच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडलेला असायचा. चपला काढून आत जायचं हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण देवाचा गाभारा आणि संगणकाची खोली, इथं पायताण घालून जायचं नाही, हे त्या मुलखात ठरून गेलं होतं.

आण्णांच्या खांद्याला काळी पिशवी आणि पिशवीत ओळीनं लावलेल्या सीड्या. लोक त्यांना सीडीवाले आण्णाच म्हणत. चिकोडीपासून बोरगावपर्यंत, संकेश्वरपासून सदलग्यापर्यंत, जिथं संगणक तिथं आण्णांची मोटरसायकल. एखादा म्हातारा सभासद दारात उभा राहून घाबरत घाबरत विचारायचा, "आण्णा, सॉफ्टवेअर म्हंजे काय असतंय ओ?"

आण्णांचं उत्तर ठरलेलं. "विरजण असतंय बघा. दूध तुमचं, भांडं तुमचं. विरजण तेवढं मी आणतो."

म्हाताऱ्याचं समाधान व्हायचं, आणि खरं सांगायचं तर आण्णांचंही व्हायचं. सॉफ्टवेअर ही एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायची गोष्ट आहे, कुणीतरी ती नेली पाहिजे आणि तो कुणीतरी आपण आहोत, यावर त्यांचा देवाइतका विश्वास होता.

त्या काळचं एकेक सॉफ्टवेअर म्हणजे एकेक नवी सून. हिला अमुक बटण दाबून बाहेर पडायचं, आणि तिला तेच बटण दाबलं तर ती सकाळचं सगळं दूध पुसून मोकळी व्हायची. डेअरीचं निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत बोलायचं, पतसंस्थेचं काळ्यावर हिरव्या. एका खताच्या दुकानातलं तर मशीनच्या पाठीत छोटीशी किल्ली खोचल्याशिवाय तोंडच उघडायचं नाही. एका मशीनवर नांदणारं दुसऱ्या मशीनवर नांदेलच याची खात्री नव्हती. आण्णांना सगळ्यांचे स्वभाव तोंडपाठ. एका संस्थेतला क्लार्क दुसऱ्या संस्थेत गेला की पुन्हा पहिल्यापासून चाचपडायला लागायचा. आण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "घर बदललं की चूल बदलतीया रं. शिकशील."

असा सगळा मान होता, आणि एकच दुखणं होतं. खोतांचं घर जैन. दिवस मावळला की तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही, हे त्या घरात कुणी शिकवावं लागत नव्हतं. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, तेव्हा परगावी कुणाच्याही ताटावर बसून मोकळं व्हावं तर तीही सोय नाही. आणि सॉफ्टवेअर बसवताना पडद्यावर जी पट्टी हळूहळू भरत जाते, ती आण्णांच्या आयुष्यात नेमकी संध्याकाळीच अडायची. दुपारी घोड्यासारखी धावणारी पट्टी उन्हं कलली की बसकण मारायची. तशात कुणीतरी दारातून डोकावून विचारायचं, "ऊटा आय्ता, आण्णा?"

हा त्या पट्ट्यातला कानडी रामराम. जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ, झालं असलं की 'आय्तु' म्हणायचं, आणि कुणीही कुणालाही केव्हाही विचारतो. उत्तराची फारशी कुणाला पडलेली नसते. आण्णांना मात्र तो प्रश्न लागायचा. ते खिडकीबाहेर बघायचे. बाहेर दिवे लागलेले असायचे. "इन्नू इल्ला," म्हणजे अजून नाही, असं म्हणून ते पुन्हा पट्टीकडं बघत बसायचे.

ते उपाशी राहायचे याचं कुणाला फार वाईट वाटू नये, कारण त्यांनाही वाटत नसे. वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. निपाणीत त्यांच्या घरासमोर तंबाखूची वखार आहे. वखारीच्या पत्र्यावर ऊन असेतोवर दिवस आहे, हे त्यांच्या बायकोचं, प्रेमलाआक्कांचं पंचांग. आक्का दोन ताटं मांडून उंबऱ्यात उभ्या राहायच्या. पत्र्यावरचं ऊन सरकत सरकत कडेला गेलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. ऊन गेलं की मुकाट्यानं ताटं झाकायच्या. दोन्ही ताटं. नवऱ्यासाठी थांबायला धर्मानं सांगितलं नव्हतं की सासूनं. लग्न होऊन आल्यावर एकदा त्या एकट्या जेवायला बसल्या, घास घशाखाली उतरला नाही, तेव्हापासून बसल्याच नाहीत. आण्णांनी रागावून बघितलं, समजावून बघितलं.

"तुमी वेळंवर या, मी वेळंवर जेवते," एवढंच उत्तर. याला हट्ट म्हणावं की माया, ते आण्णांना तीस वर्षांच्या संसारात ठरवता आलं नाही.

पन्नाशी उलटल्यावर आक्कांना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि आण्णांना समोर बसवून बजावलं, "जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. आणि गोळी घेतली की जेवण झालंच पाहिजे. गोळी पोटात आणि पोट रिकामं, असं एकदाही होऊ देऊ नका." आण्णांनी मान डोलावली. त्या दिवसापासून पत्र्यावरच्या उन्हाशी त्यांची शर्यत लागली. ऊन जायच्या आत घर गाठायचं, नाहीतर घरात काय होईल याचा नेम नाही. जमायचं तेव्हा जमायचं. नाही जमलं की आक्का गोळीही ठेवून द्यायच्या आणि जेवणही, आणि पुढच्या तपासणीत आकडा वर गेलेला दिसायचा. डॉक्टर ओरडायचे. आण्णा मान खाली घालून ऐकायचे.

अशात एक दिवस, ज्या कंपनीचं डेअरीचं सॉफ्टवेअर आण्णा बसवत होते, तिच्या माणसाचा फोन आला.

"आण्णा, नवीन सॉफ्टवेअर ब्राउझरमधी आलंय. पत्ता आणि पासवर्ड मेसेज केलाय बघा."

"बरं. सीडी कवा धाडताय?"

"सीडी न्हाय ओ आता. सीडी बंद."

"मग पेनड्राइव्ह?"

पलीकडचा माणूस हसला. आण्णांना ते हसणं आवडलं नाही.

ब्राउझर त्यांना माहीत नव्हता असं नाही. लेकीचा, निशाचा, दहावीचा निकाल त्यांनी त्यातच बघितला होता, श्रवणबेळगोळला जायचं रेल्वेचं तिकीटही त्यातच काढलं होतं. पण त्यांच्या लेखी ती नुसती बघायची खिडकी. रस्त्यानं वरात चालली की खिडकीतून बघावी. खिडकीतून कुणी संसार करतं का?

दूधगंगेच्या काठच्या एका गावात (नाव कशाला घ्या, तिथली माणसं भली आहेत) नवीन सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालू करायचं ठरलं. तिथल्या डेअरीचा सेक्रेटरी नागेंद्र हा आण्णांचा लाडका. घरात कानडी, डेअरीत मराठी आणि चिडला की दोन्ही, असा माणूस. आदल्या दिवशी आण्णांनी घरच्या संगणकावर कंपनीनं दिलेला पत्ता टाकून बघितला. पासवर्ड दिला. आणि काय, पडद्यावर हिरवी पट्टी, कोपऱ्यात गाय, खाली त्या गावच्या सभासदांची नावं, मराठीत आणि कानडीत दोन्ही! आण्णा खूश झाले. नेटकं काम होतं. आता हे तिकडं न्यायचं कसं, एवढाच प्रश्न. आयुष्यभर ज्या हातांनी विरजण नेलं, त्या हातांना दुसरं काय सुचणार? त्यांनी ते पान जसंच्या तसं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. शिवाय भरवशासाठी एका कोऱ्या सीडीवरही घातलं आणि सीडीवर काळ्या पेनानं डेअरीचं नाव घालून पिशवीत ठेवली. मेसेजमधला पत्ता मोबाइलमध्ये तसाच राहिला.

दुपारी ते डेअरीत पोचले. नागेंद्रनं नारळ फोडला. आण्णांची एक शिस्त होती, जुनं काढल्याशिवाय नवं बसवायचं नाही. त्यांनी आधी जुनं सॉफ्टवेअर काढून टाकलं. मग पेनड्राइव्ह लावला, पान मशीनमध्ये उतरवलं आणि उघडलं. तीच हिरवी पट्टी, तीच गाय, तीच नावं. दारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नागेंद्रनं एका नावावर टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. गाय आपली तशीच हसत उभी.

आण्णांनी मशीन बंद करून चालू केलं. पान पुन्हा उतरवलं. सीडी घातली. नारळाचं पाणी कुठं उडालं की काय म्हणून कीबोर्ड उलटा करून झटकला. वायरी काढून फुंकून लावल्या. विहिरीचा फोटो काढून आणावा आणि त्यात घागर सोडावी, तसला तो प्रकार चालला होता, पण ते सांगायला तिथं कुणी नव्हतं. गंमत म्हणजे त्या मशीनला इंटरनेटची वायर जोडलेली होती. नागेंद्र रोज त्यावर क्रिकेटचा स्कोअर बघायचा. हवी ती खिडकी तिथं उघडीच होती, आणि आण्णा भिंतीला भोक पाडत बसले होते.

निशाला फोन करावा असं एकदा मनात आलं. निशा बेळगावात बँकेत नोकरीला, तिला यातलं कळायचं. पण ज्या लेकीला आपण मांडीवर बसवून माऊस धरायला शिकवला तिला काय विचारायचं? त्यांनी मोबाइल पिशवीच्या तळाशी ढकलला. बाहेर दुधाच्या किटल्या घेऊन बायका जमायला लागल्या. जुनं काढलेलं, नवं उठेना. आता असंच सोडून घरी जायचं कुठल्या तोंडानं?

"ऊटा आय्ता, आण्णा?" घाम पुसत नागेंद्रनं सवयीनं विचारलं.

आण्णांनी बाहेर बघितलं. अंधार पडला होता.

त्याच संध्याकाळी निपाणीत, पत्र्यावर अजून थोडं ऊन असताना, प्रेमलाआक्कांना गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल वाजलेली ऐकू आली. आज वेळेत आले म्हणून त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी लगेच गोळी तोंडात टाकली, पाणी प्याल्या आणि ताटं मांडायला घेतली. मोटरसायकल शेजाऱ्याची होती. आक्का उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. ऊन कडेला गेलं, मग गेलंच. त्यांनी आत येऊन ताटं झाकली आणि झाकलेल्या ताटांशेजारीच त्या कोसळल्या. शेजारच्या जयाबाई वाटी मागायला आल्या म्हणून दिसलं तरी. जयाबाईंनी धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं आणि ओठाला लावलं, तर या बाईनं अर्धवट शुद्धीत दातखीळ बसल्यागत तोंड मिटून घेतलं.

"दिस मावळलाय," एवढंच पुटपुटल्या.

दवाखान्यात नेऊन शिरेतून साखर दिली तेव्हा त्या डोळे उघडून बघायला लागल्या. निरोप मिळून आण्णा धापा टाकत तिथं पोचले, तेव्हा खांद्याला ती काळी पिशवी तशीच होती. डॉक्टर ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "वाचल्या. पुढच्या वेळी वाचतील असं मी सांगत नाही." आण्णा खाटेशेजारच्या स्टुलावर बसले आणि त्यांना रडू कोसळलं. सलाइन लावलेला हात धरायलाही त्यांना भीती वाटत होती.

"मी काम सोडतो," ते म्हणाले. "उद्यापास्नं घरात बसतो."

आक्का बारीक आवाजात म्हणाल्या, "आनि त्या डेअऱ्या कुनाच्या तोंडाकडं बघतील? घरात बसलासा तर चार दिसात आजारी पडशीला. मला दोघांचं दुखणं काढाय जमणार न्हाय."

ते खरंच होतं. पिशवी काढून घेतली तर आपल्या खांद्यावर काय उरतं, हे आण्णांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निशा बेळगावहून आली. डबा आणला होता. आईशेजारी ती जरा बसते न बसते तोच नागेंद्रचा फोन. सकाळचं दूध कसंबसं कागदावर लिहून घेतलं, आता संध्याकाळचं सुरू होईल, काय करू? आण्णांनी डोळा लागलेल्या आक्कांकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि पिशवीकडं हात नेला.

"कुठं निघालासा, आप्पा?"

"जाऊन येतो पटकन. दुसरी सीडी करून..."

"कसली सीडी?" निशानं सगळं विचारून घेतलं. आण्णांनी खाली मान घालून सांगितलं, पान कसं उतरवलं, कसं नेलं, बटण कसं दबेना. निशाला हसू यायला हवं होतं. पण आई समोर खाटेवर पडली होती, आणि निशाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आप्पा, तुमी पान नेलासा," ती म्हणाली. "पत्ता न्यायचा असतोय. तेवढाच. चला माझ्यासंगं."

"गावाकडं?"

"रस्त्यापलीकडं."

दवाखान्यासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. कोपऱ्यात एक जुना संगणक, कीबोर्डावरची अर्धी अक्षरं पुसलेली, वर कसलंसं स्टिकर. निशानं दुकानदाराला विचारून आण्णांना त्याच्यासमोर बसवलं. आण्णांनी मशीनकडं वैद्यासारखं बघितलं आणि मान हलवली.

"ह्यात माझं काईबी घातलेलं न्हाय, निशा. ह्या मशीनला मी कवा हातसुदीक लावल्याला न्हाय."

"घालायचंच न्हाय काई. खिडकी उघडा. वर पत्ता लिवा, मेसेजमधला. तुमच्या हातानं."

आण्णांनी चष्मा वर केला, मोबाइल जवळ धरला आणि दोन बोटांनी एकेक अक्षर हुडकत पत्ता लिहिला. पासवर्ड घातला. शेवटचं बटण दाबायच्या आधी, आयुष्यभराच्या सवयीनं, त्यांनी पायातल्या चपला काढून टेबलाखाली सारल्या.

हिरवी पट्टी आली. गाय आली. नावं आली.

"हे तर मीबी नेल्तो," आण्णा म्हणाले.

"नागेंद्रआण्णाला फोन लावा. त्येंनाबी हाच पत्ता लिवाय सांगा."

फोनवर आण्णा एकेक अक्षर सांगत गेले आणि तिकडं नागेंद्र लिहीत गेला. मध्ये त्याचा एक मोठा हुंकार ऐकू आला. "आलं ओ आण्णा! गाय आली! हां, दाबतोय. राजाबाई आल्याती दूध घेऊन, पयलं त्येंचंच घालतो."

आण्णा पडद्याकडं बघत होते. राजाबाईंचं नाव यादीत मध्यावर होतं. त्या नावापुढची जागा कोरी होती. दुकानात कुणाच्या तरी आधारकार्डाची झेरॉक्स निघत होती, बाहेर बस हॉर्न वाजवत होती. आणि त्या कोऱ्या जागेत, कुणीही हात न लावता, म्हशीचं दूध उमटलं. लिटर आले. फॅट आली. शेजारी पावतीची खूण आली.

आण्णांनी बोट पुढं केलं आणि काचेवर त्या आकड्याला हळूच टेकवलं.

"निघाली पावती!" नागेंद्र फोनमध्ये ओरडत होता. "आण्णा, तुमी कुटं हायसा? आलासा काय गावात?"

आण्णांचं बोट काचेवरच राहिलं. नदीकाठच्या त्या गावात राजाबाईंनी किटली रिकामी केली आणि ते दूध निपाणीत, एका परक्या दुकानात, ज्या मशीनची त्यांची ओळखदेख नव्हती तिथं त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन उभं राहिलं होतं. मधली वाट कुणी चालून आलं नव्हतं. मोटरसायकल दवाखान्याच्या दारात उभी होती आणि पिशवी आक्कांच्या उशाला. दुसरं नाव भरलं. तिसरं भरलं. गावच्या रांगेतली एकेक बाई पुढं सरकत होती, आणि आण्णा बसल्या जागेवरून ती रांग बघत होते.

"हे आता ह्या मशीनमधी बसलं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. तुमी उठलासा की ह्यात काई र्‍हाणार न्हाय. उद्या घरच्या मशीनवर उघडा, परवा माझ्या मोबाइलवर. पत्ता तोच, खिडकी तीच."

मग निशानं त्याच खिडकीत वर शेजारी दुसरं पान उघडलं. आईच्या रक्ताचा रिपोर्ट. आणखी एक उघडलं, तिच्या बँकेचं दार. आत जायला पासवर्ड लागतो म्हणून दारच तेवढं दाखवलं. "माझं आख्खं ऑफिस ह्याच्यात हाय, आप्पा. सकाळी खिडकी उघडायची, संध्याकाळी मिटायची." आणखी एक उघडलं, सातबाऱ्याचं. आण्णा एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन बघायला लागले. डेअरी, दवाखाना, बँक, रान. अचानक ते थांबले.

"निशा, मागं जायचा बाण सगळ्यात एकाच जागंवर हाय गं."

"व्हय की."

"सगळ्यात?"

"सगळ्यात. कुठल्याबी मशीनवर."

तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिनं दुसरं कधी बघितलंच नव्हतं. पण आण्णांच्या डोळ्यांपुढून सगळ्या सुना एकेक करून गेल्या, निळी, काळी, पाठीत किल्ली खोचल्याशिवाय न बोलणारी, प्रत्येकीची बाहेर पडायची वाट निराळी. त्या वाटा पाठ करण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं. बिचारे क्लार्क आठवले, घाबरून बोट वर धरून बसलेले. आणि इथं कुणीतरी, कुठल्या देशात कोण जाणे, सगळ्या घरांना एकच दार बसवलं होतं. एकदा उंबरा ओलांडायला शिकलं की साऱ्या गावात कुठंही जा. एवढं मोठं काम झालं आणि दवंडी नाही, नारळ नाही. आपण निकाल बघितला, तिकीट काढलं, ते याच दारात उभं राहून, आणि आत पाऊल टाकायचं सुचलं नाही! स्वतःवर हसावं की रडावं ते त्यांना कळेना. त्यांनी दोन्ही हात जोडले, त्या कळकट मशीनसमोर, गोमटेश्वराच्या पायाशी जोडतात तसे.

"काका, प्रिंट काढायची हाय काय?" दुकानदारानं विचारलं.

"न्हाय बाबा," आण्णा म्हणाले. "झालं माझं काम."

म्हणाले खरे, आणि म्हणता म्हणताच त्यांची नजर रस्त्यावर गेली. समोरच्या भिंतीवर ऊन अजून होतं, पिवळं, कडेला आलेलं. आण्णा उठले. चपला टेबलाखालीच राहिल्या. निशा हाका मारत होती, पण ते अनवाणी रस्ता ओलांडून, जिना चढून, वॉर्डात शिरले.

प्रेमलाआक्का उशीला टेकून बसल्या होत्या. गोळी त्यांच्या तळहातावर तशीच होती. पाण्याचा पेला शेजारी. आदल्या दिवशी आवाजावर विश्वास ठेवून फसल्या होत्या. आज माणूस डोळ्यांना दिसल्याशिवाय गोळी तोंडात टाकायची नाही असं त्यांनी ठरवलं असावं. आण्णा दारात दिसले तेव्हा त्यांनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग खिडकीकडं.

"गेलतासा न्हवं डेअरीला?"

"जाऊन आलो," आण्णा म्हणाले.

आक्कांना वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं. एवढ्यात गावाला जाऊन येतं का कुणी? पण आण्णांचा चेहरा असा उजळला होता की त्यांनी वाद घातला नाही. नर्सनं सांगितलं की थांबायचं कारण नाही, गोळी घ्या आणि लगेच जेवा. निशानं मागून येऊन डबा उघडला. जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, ताक. एकाच खाटेवर, मध्ये डबा ठेवून दोघं जेवायला बसली. आण्णा जेवता जेवता राजाबाईंच्या दुधाची गोष्ट सांगत होते, आणि आक्कांना त्यातलं अर्ध्याहून जास्त कळत नव्हतं. भाकरी मात्र त्या संपवत होत्या. कितीतरी वर्षांत त्या दोघांनी संध्याकाळी एकमेकांना असं घास घेताना बघितलं नव्हतं.

(त्या काळ्या पिशवीतल्या सीड्या पुढं आक्कांच्या भावाच्या शाळूच्या रानात पाखरं राखायला टांगल्या. वाऱ्यावर चमकतात, पाखरं बसत नाहीत. आण्णा आता गावोगाव सकाळी जातात, नव्या क्लार्कांना पत्ता लिहायला शिकवायला, आणि दुपारी घरी असतात.)

डबा रिकामा झाला होता, खिडकीतल्या उन्हाची एक बारीक तिरीप भिंतीवर उरली होती, तेवढ्यात आण्णांचा मोबाइल वाजला. हात आमटीनं भरलेले. त्यांनी आक्कांना खुणावलं. आक्कांनी फोन उचलून कानाला लावला.

"आण्णा, सगळ्यांचं दूध घेऊन झालं बघा," पलीकडून नागेंद्र खुशीत सांगत होता, आणि मग सवयीनं, उत्तराची वाट न बघता विचारावं तसं त्यानं विचारलं, "ऊटा आय्ता?"

आक्कांनी भिंतीवरच्या तिरिपेकडं बघितलं. मग नवऱ्याच्या रिकाम्या वाटीकडं.

"आय्तु," त्या म्हणाल्या. "दोघांचंबी."